वाढदिवसाचं जेवण नको, मावशींचा पगार द्या

आपल्या संघटनांकडे वर्षाअखेरी थोडेफार पैसे उरतात. आठ मार्चच्या कार्यक्रमाची वर्गणी असते, कुणा मैत्रिणीने आईच्या नावाने दिलेली देणगी असते. मग बैठकीत विषय निघतो, ‘एखाद्या संस्थेला काहीतरी देऊ या.’ तालुक्याच्या गावाला विशेष मुलांची एखादी संस्था असतेच. कुणी म्हणतं ब्लँकेटं देऊ, कुणी म्हणतं एका दिवसाचं गोड जेवण देऊ. ठराव होतो, वाटप होतं, फोटो निघतो, पावती फाईलला लागते. पुढचं वर्षभर त्या संस्थेत काय चाललं आहे हे आपल्याला माहीत नसतं.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण संपल्यापासून गेली दहा-बारा वर्षं माझं अशा संस्थांमध्ये कामानिमित्त जाणं-येणं आहे. कधी बालकल्याण समितीच्या आदेशाने मूल पोचवायला, कधी घरभेटीचा अहवाल करायला, कधी नुसती विचारपूस करायला. त्यावरून माझं मत असं बनलं आहे की या संस्थांना वस्तू कमी पडत नाहीत, माणसं कमी पडतात. आणि ती माणसं म्हणजे मुलांना भरवणाऱ्या, धुणाऱ्या, रात्री त्यांच्याशेजारी झोपणाऱ्या बायका. म्हणून या संस्थांना आधार देणं हे दानधर्माचं काम आहे असं समजून आपण बाजूला राहू शकत नाही. तो बायकांच्या श्रमाचा आणि मुलींच्या शरीराचा प्रश्न आहे. तो आपल्या चळवळीचा आहे.

काय मिळतं, काय मिळत नाही

आमच्या भागातल्या एका संस्थेचं उदाहरण घेते. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नाहीत आणि त्यांची परिस्थिती इतर अनेकांसारखीच आहे. छत्तीस मुलं-मुली, त्यातल्या बावीस मुली. काहींना बौद्धिक अक्षमता, काहींना सेरेब्रल पाल्सी, काहींना फिट्स येतात, दोघी-तिघींना हे सगळं एकत्र. बहुतेकांचं कुणी भेटायला येत नाही.

या संस्थेच्या कोठीत चादरींचे गठ्ठे आहेत. कपाटात रंगपेट्या आहेत. व्हरांड्यात तीन चाकांच्या खुर्च्या उभ्या आहेत, देणाऱ्याचं नाव पाठीवर रंगवलेलं. त्यातल्या दोन कुणालाच बसत नाहीत. कारण ज्या मुलाचं अंग ताठरतं, त्याला मापाची, कुशीला आणि मानेला आधार असलेली खुर्ची लागते; बाजारातली सरसकट खुर्ची दिली तर मूल त्यातून घसरतं, पाठ वाकडी होते. श्रावणात आणि दिवाळीत गोडाचं जेवण इतकं येतं की मुलांची पोटं बिघडतात. एका आठवड्यात तीन वाढदिवस साजरे झालेले मी पाहिले आहेत. तिन्ही वाढदिवस पाहुण्यांच्या मुलांचे. संस्थेतल्या मुलांचे वाढदिवस बहुधा कुणाला माहीतच नाहीत. कागदावरची जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने लिहिलेली असते.

आणि मावश्या किती? पाच.

हिशोब मांडून बघू या. चोवीस तास एक मावशी हजर हवी असेल तर आठवड्याचे तास होतात १६८. बाईने आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त राबू नये, असं आपण कामगार म्हणून मानतो. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन बाया झाल्या. आजारपण, सणवार, माहेरचं लग्न, मयत धरलं तर चारही अपुऱ्याच. पाच मावश्यांचे मिळून तास होतात २४०. म्हणजे छत्तीस मुलांमागे कुठल्याही क्षणी सरासरी दीड मावशीसुद्धा उभी नसते. प्रत्यक्षात त्या ४८ तासांवर थांबत नाहीत, संस्थेतच राहतात, झोपतात, म्हणून ते घर चालतं.

आता काम बघा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आडवं ठेवून भरवता येत नाही. त्याला बसवायचं, मान सावरायची, हनुवटी थोडी आत घ्यायची, एक घास गिळला की दुसरा. घाई केली तर घास श्वासनलिकेत जातो, छातीत कफ भरतो, न्यूमोनिया होतो. एका वेळच्या जेवणाला अर्धा तास लागतो, कधी पाऊण. अशी सहा मुलं आणि दिवसातून तीन वेळा, म्हणजे नऊ तास झाले. नुसत्या भरवण्याचे. अजून आंघोळी आहेत, शी-शू आहे, कुशी बदलणं आहे नाहीतर पाठीला जखमा होतात, फिट्सच्या गोळ्या वेळेवर देणं आहे, कारण एक गोळी चुकली तरी फिट येऊ शकते.

हे सगळं दीड मावशी कसं करणार? मग ती काय करते? जो सर्वांत जास्त पळतो त्याला खिडकीच्या गजाला ओढणीने बांधते. जे मूल हळू खातं त्याला पातळ करून पाजते. मुलींचे केस बारीक कापते, विंचरायला वेळ नाही म्हणून. संध्याकाळी पाणी कमी देते, रात्री अंथरूण ओलं होऊ नये म्हणून. बाहेरून आलेल्याला यात क्रूरपणा दिसतो. मी त्या बायांना ओळखते. त्यांच्याजागी मी असते तर मीही हेच केलं असतं. हात दोनच असले की माणूस बांधायला लागतं.

मावश्या कोण आहेत

पाचातल्या तिघी नवऱ्याने टाकलेल्या. एक विधवा. एकीचा नवरा दारू पिऊन पडलेला. संस्थेत राहायची सोय होते, दोन वेळचं जेवण मिळतं, लेकराला जवळ ठेवता येतं, म्हणून त्या आल्या. त्यांना जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. मानही नाही आणि धनही नाही. महिन्याच्या शेवटी हातात पडतं ते किमान वेतनापर्यंत पोचत नाही. प्रॉव्हिडंट फंड नाही, आठवड्याची सुट्टी नाही. वर ऐकवलं जातं, ‘तुम्ही पुण्याचं काम करता आहात.’

मैत्रिणींनो, हा युक्तिवाद आपण कुठं ऐकला आहे? घरकामाबद्दल ऐकला आहे. अंगणवाडी सेविकांबद्दल, आशा ताईंबद्दल ऐकला आहे. बाईचं मन मुळातच मायाळू, तेव्हा सांभाळणं तिला जड जात नाही, तेव्हा त्याचे पैसे कशाला? अंगणवाडी ताईंनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, न्यायालयात लढल्या, तेव्हा कुठं २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं म्हटलं. संस्थेतल्या मावश्यांची कुठं संघटना नाही. त्या चौघी-पाचजणी, गावाबाहेरच्या इमारतीत, दिवसरात्र. संप केला तर मुलं उपाशी राहतील हे त्यांना माहीत आहे आणि संस्थाचालकालाही माहीत आहे.

संस्थाचालक तरी काय करणार, असंही विचारता येईल. मोठ्या देणगीदारांना इमारत द्यायला आवडते, गाडी द्यायला आवडते, कारण त्यावर नाव घालता येतं. पगाराचं नाव काढलं की ‘तो प्रशासकीय खर्च, त्याला आम्ही देत नाही’ असं उत्तर येतं. या कामात पगार म्हणजेच काम आहे, हे त्यांच्या तक्त्यात बसत नाही. मावशीचा हात म्हणजे मुलाचं जेवण, मुलाची आंघोळ, मुलाचं औषध. त्याला प्रशासन म्हणायचं तर मग सेवा कशाला म्हणायचं?

गेल्या वर्षभरात या पाचातल्या एकीला शहरात एका मोठ्या दुकानात साफसफाईचं काम मिळालं. पैसे जास्त, आठ तास, रविवारी सुट्टी. ती रडत गेली, पण गेली. अजून एक जायच्या बेतात आहे. ती गेली तर संस्थेला बालकल्याण समितीला कळवावं लागेल की आम्ही नवीन मूल घेऊ शकत नाही. मग पुढचं मूल दुसऱ्या जिल्ह्यात जाईल, जिथं त्याच्या आईला एसटीचं भाडं परवडणार नाही आणि वर्षातून एकदासुद्धा भेटता येणार नाही.

मुलं इथं कशी येतात

‘टाकून देणारी आई’ असं आपल्याकडे फार सहज बोललं जातं. मी केलेल्या घरभेटींत आईने आनंदाने मूल सोडलेलं मला एकदाही दिसलं नाही. दिसलं ते असं. मूल वेगळं आहे हे कळलं की पहिला दोष बाईच्या पोटाला. ग्रहणात बाहेर पडली होतीस, तुझ्याच माहेरात असेल, तूच काही खाल्लं असशील. मग नवऱ्याचं दुसरं लग्न. मग ती बाई भावाच्या दारात, त्या मुलासकट. दिवसा मजुरीला जायचं तर मूल कुणाकडे ठेवायचं? घरात कोंडून, बाहेरून कडी लावून जाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. आणि मुलगी असेल, ती दहा-अकरा वर्षांची झाली, अंगाने भरू लागली, की त्या कडीचाही भरवसा राहत नाही. शेजारपाजारच्या पुरुषांच्या भीतीने आई तिला संस्थेत आणते. भावाचं घर सुटू नये, धाकट्या मुलीचं लग्न अडू नये, हीही कारणं असतात. ही सगळी कारणं आपल्या ओळखीची आहेत. आपण ज्या बायकांच्या केसेस घेतो त्यांच्याच घरातली ही मुलं आहेत.

शिरूरची आठवण

१९९४ साली मी अगदी लहान होते. शिरूरचं प्रकरण मला आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांकडून कळलं आणि पुढे शिकताना वाचायला मिळालं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया त्या वर्षी फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात सुरू झाल्या. अकरा मुलींवर शस्त्रक्रिया झाली. कारण सांगितलं गेलं की या मुलींना पाळीच्या दिवसांत स्वतःची स्वच्छता ठेवता येत नाही. महिला संघटना आणि अपंगांसाठी काम करणाऱ्या संघटना रस्त्यावर आल्या, वर्तमानपत्रांतून वाद झाला, आणि पुढच्या शस्त्रक्रिया शासनाला थांबवाव्या लागल्या. आपल्या चळवळीने अभिमान बाळगावा असं ते काम होतं.

त्यानंतर कायदाही पुढे आला. भारताने २००७ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारनामा मान्य केला. २००९ साली चंदीगडच्या संस्थेतल्या एका तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिला बौद्धिक अक्षमता असली तरी तिच्या मर्जीवाचून तिचा गर्भपात करता येणार नाही. तिच्यावर संस्थेतच बलात्कार झाला होता, हेही विसरायला नको. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या दहाव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की अपंग व्यक्तीच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय क्रिया करता येणार नाही.

पण शिरूरच्या वेळी समोरून जो प्रश्न फेकला गेला होता तो अजून तसाच उभा आहे. ‘तुम्ही विरोध करता, ठीक आहे. या मुलींचं रक्त पुसायला तुम्ही येणार का?’ प्रश्न उर्मट होता. पण त्याचं उत्तर देता येतं आणि द्यायला हवं. ज्या संस्थेत पुरेशा मावश्या आहेत, तिथं हा प्रश्न सुटतो. विशेष शिक्षिका पाळी येण्याच्या आधीपासून मुलीला तयार करतात. बाहुलीला चड्डी घालून पॅड कसं लावायचं ते दाखवतात. चड्डीवर खूण करून देतात, म्हणजे पॅड कुठं ठेवायचं ते कळतं. पॅडवर लाल रंग टाकून दाखवतात, म्हणजे पहिल्यांदा रक्त दिसल्यावर मुलगी घाबरत नाही. दिनदर्शिकेवर टिकली लावायला शिकवतात. बदललेलं पॅड कागदात गुंडाळून कुठं टाकायचं, हे सगळ्यांसमोर नव्हे, न्हाणीघरातच करायचं, हे पुन्हा पुन्हा सांगतात. कुणाला सहा महिने लागतात, कुणाला दोन वर्षं. बऱ्याच मुली शिकतात. ज्या शिकू शकत नाहीत त्यांचं पॅड बदलणं हे त्यांची शी-शू काढण्यापेक्षा वेगळं नाही. कुणी शी काढावी लागते म्हणून मुलाचं आतडं कापायला निघत नाही.

हे शिकवायला वेळ असलेली बाई लागते. जिथं ती नाही, तिथं कायद्याचं कलम भिंतीवर राहतं आणि कुणीतरी कानाशी येऊन कुजबुजतं, ‘एकदाची पिशवी काढून टाकली तर मुलीलाही बरं, आम्हालाही बरं.’ हे वाक्य मी कायदा आल्यानंतरही ऐकलं आहे. आयांकडूनही ऐकलं आहे. कायद्याने ती शस्त्रक्रिया थांबवली. त्या मुलींचं करायला बाई कुणी नेमायची, हे अजून ठरलेलं नाही.

दार बंद असलं की

नुसते पैसे देऊन भागत नाही, याचाही धडा महाराष्ट्राने घेतला आहे. २०१० साली ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या संस्थेतल्या मुलांची उपासमार आणि त्यांच्यावरचे अत्याचार यांच्या बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०११ साली पनवेलजवळ कळंबोलीच्या संस्थेतल्या मतिमंद मुलींवरचे लैंगिक अत्याचार उघड झाले. २०१३ साली न्यायालयाने संस्थाचालकासह इतरांना दोषी ठरवलं. बोलता न येणाऱ्या मुलींवर इतका काळ अत्याचार होत राहिले आणि बाहेर कुणाला कळलं नाही.

बाल न्याय कायदा २०१५ नुसार मुलांच्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. ५४ व्या कलमानुसार तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी निदान एकदा भेट द्यायची, तिच्यात किमान तीन सदस्य हवेत आणि त्यांत एक बाई व एक वैद्यकीय अधिकारी असायला हवी. पोक्सो कायद्यानुसार मुलाची जबानी घेताना, त्याला अपंगत्व असेल तर, विशेष शिक्षकाची मदत घेता येते. तरतुदी आहेत. पण तपासणीला येणारी माणसं बहुतेकदा कार्यालयात बसून रजिस्टरं बघतात. न्हाणीघराला आतून कडी आहे का, रात्री मुलींच्या खोलीत कोण झोपतं, मुलींच्या अंगावर वळ आहेत का, हे बघायला मुलींशी ओळख असावी लागते. ती वरचेवर जाणाऱ्या बाईची असते.

दोन आक्षेप

आपल्यातल्या काहीजणी म्हणतील, हे शासनाचं काम आहे. आपण पैसे गोळा करून पगार देऊ लागलो तर शासन हात झटकून मोकळं होईल. आक्षेप रास्त आहे. राज्यात २०२२ च्या डिसेंबरपासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. पुरेशा मावश्या आणि त्यांना निदान किमान वेतन ही मागणी त्याच विभागाच्या आणि महिला व बालविकास विभागाच्या दारात जायला हवी, आणि ती आपणच न्यायला हवी, कारण मावश्यांना सुट्टी घेऊन मुंबईला येता येत नाही. पण मागणी मान्य होईपर्यंत मूल वाट बघत नाही. संपातल्या कामगारांच्या घरी आपण धान्य पोचवतो तेव्हा मालकाची जबाबदारी संपली असं म्हणत नाही. इथंही तसंच. पगाराला हातभार लावायचा आणि त्याच हाताने निवेदनावर सही करायची.

दुसरा आक्षेप जास्त खोलातला आहे. मुलांना संस्थेत ठेवणंच चूक आहे, मुलं घरी, वस्तीत वाढायला हवीत, मग संस्था बळकट कशाला करायची? मला हे तत्त्व मान्य आहे. त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या आईला दिवसा मुलगी ठेवायला वस्तीतच पाळणाघर मिळालं असतं, हक्काचं छप्पर असतं, तर ती मुलगी संस्थेत आली नसती. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत अशा मुलांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळू शकतो, तो किती आयांना माहीत आहे? आपल्या सल्ला केंद्रांमध्ये येणाऱ्या बाईला आपण पोटगीचं विचारतो. ‘घरात अपंग मूल आहे का, त्याचा दाखला काढला आहे का’ हेही विचारलं पाहिजे. पण ज्या मुलांना घर नाहीच, ती आज रात्री कुठंतरी झोपणार आहेत. ती जिथं झोपतील तिथं त्यांच्या उशाशी जागं माणूस असावं, एवढंच मी म्हणते आहे.

अठरा वर्षांनंतर काय

आमच्या त्या संस्थेत एक मुलगी आहे. लहानपणापासून तिथंच वाढली. ती पोळ्या लाटते, लहान मुलींना विंचरते, मावश्यांच्या बरोबरीने काम करते. तिला एकोणीस पूर्ण झाली. बाल न्याय कायद्याच्या हिशोबाने मूल अठरापर्यंतच मूल असतं. पुढची अनुरक्षण सेवा साधारण एकविसापर्यंत. म्हणजे तिच्याकडे दोन वर्षं आहेत. त्यानंतर? बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ बायकांसाठी निवासाची सोय फारच थोड्या ठिकाणी आहे. राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ योजना याचसाठी आहे, पण आमच्या जिल्ह्यात तसं केंद्र नाही. मनोरुग्णालय ही तिची जागा नाही. आणि तिच्यासारखी मुलगी रस्त्यावर आली तर काय होतं ते मी लिहायची गरज नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर इथले शंकरबाबा पापळकर अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत. बेवारस सापडलेल्या, अपंगत्व असलेल्या शंभरहून अधिक मुलांना त्यांनी आपलं नाव दिलं, आणि अठरा वर्षं झाली म्हणून त्यांना बाहेर काढायला नकार दिला. अशा मुलांच्या आयुष्यभराच्या पुनर्वसनाचा कायदा करा, ही त्यांची मागणी. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तिथं वाढलेली एक अंध तरुणी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. सत्कार झाले. मागणी मात्र तशीच राहिली. एका माणसाच्या हट्टावर शंभर मुलांचं आयुष्य उभं असणं ही कौतुकाइतकीच काळजीची गोष्ट आहे. त्या मागणीमागे महिला संघटनांचं बळ का नसावं? आपल्या मागण्यांच्या यादीत टाकलेल्या बायकांसाठी निवारा असतो. त्यात या बायका धरलेल्या असतात का?

मग करायचं काय

सुचतं ते लिहिते. यात भर घाला, दुरुस्ती करा.

एक, वस्तू देणं थांबवू या आणि एका मावशीच्या पगाराची वर्षभराची जबाबदारी घेऊ या. एका संघटनेला जमत नसेल तर तिघी-चौघींनी मिळून. पैसे दर महिन्याला जावेत, आणि अट अशी की ते मावशीच्या बँक खात्यातच जमा व्हावेत आणि त्यामुळे आधीचं मानधन कमी होऊ नये. संस्थेने वर्षाचे तपासलेले हिशोब दाखवावेत. नोंदणीकृत न्यासाने ते धर्मादाय आयुक्तांना सादर करायचेच असतात, तेव्हा मागायला संकोच नको.

दोन, ठरावीक वारी जायचं. दर पंधरवड्याला दोघीजणी, ठरलेल्या वेळी, आणि मधूनच एकदा न सांगता. गेल्यावर भाषण नको, गाणी म्हणवून घेणं नको. एका मुलाला नीट बसवून भरवायचं, एका मुलीची वेणी घालायची. मावशीला तासभर पाठ टेकू द्यायची. त्या तासात तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही अहवालात सापडणार नाही. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. त्यांच्या संमतीचा प्रश्न त्यांना बोलता येत नाही म्हणून संपत नाही.

तीन, कागदपत्रं. ज्यांना कायद्याचं, कचेरीचं काम येतं त्यांनी मुलांचे अपंगत्वाचे दाखले आणि आधार यांच्यासाठी हेलपाटे घालायला माणूस द्यावा. बोटं आखडलेल्या मुलाचा ठसा उमटत नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून योजना नाही, अशा साखळीत मुलं अडकतात. अठरा पूर्ण झालेल्यांच्या पालकत्वाचा निर्णय राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समिती करते, तिच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी असतात. आपल्या जिल्ह्यात ही समिती शेवटची कधी बसली, हे विचारायला एक अर्ज पुरतो.

चार, जिल्ह्यातल्या तपासणी समितीवर बाई कोण आहे ते शोधून काढा. तिला भेटा. नसेल तर का नाही ते विचारा. आपल्यातल्या कुणी तिथं जायला तयार असेल तर नाव पाठवा.

पाच, मावश्यांची वर्षातून एकदा तरी जिल्हा पातळीवर बैठक घ्या. त्या दिवशी मुलं आपण सांभाळू या. एवढ्या बाया पहिल्यांदा एका खोलीत बसल्या, एकमेकींचं मानधन किती ते एकमेकींना कळलं, तरी पुष्कळ होईल. पुढचं त्या ठरवतील.

येत्या तीन डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, शाळाशाळांतून मुलांना फळं वाटली जातील. आपल्या बैठकीत त्या दिवसाचा विषय निघेल तेव्हा फळांचा ठराव करण्याआधी संस्थेला एक फोन करा आणि एवढंच विचारा, तुमच्याकडे रात्री किती मुलांमागे किती मावश्या असतात, आणि त्यांना महिन्याला किती मिळतं? जे उत्तर येईल ते आपल्या ठरावाच्या वहीत लिहून ठेवा आणि या अंकाकडेही कळवा. जिल्ह्याजिल्ह्यांतून अशी उत्तरं जमली तर ती घेऊन मंत्रालयात जाता येईल.